'बघून शिका' हे प्रशिक्षण नव्हे!

सिग्नल व दूरसंचार विभागात, लोको शेडच्या इलेक्ट्रॉनिक विभागात किंवा टपाल खात्याच्या मेल मोटर कार्यशाळेत नवा माणूस रुजू झाला की एक दिवस त्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न दिले जाते. सोबत सूचना एकच: "त्यात काय शिकायचे? बघून बघून येते." प्रशासनाची ही जुनी पळवाट आहे. खेदाची गोष्ट अशी की आपल्यातले काही ज्येष्ठ साथीही तिला दुजोरा देतात. "आमचे हात भाजले तेव्हा आम्ही शिकलो," असे अभिमानाने सांगतात. या भूमिकेला आमचा स्पष्ट विरोध आहे. हात भाजणे हा अभ्यासक्रम नव्हे.

बघून काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार करा. आयर्नचे टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, हे चटका बसला की कळते. पण धुरात काय आहे ते बघून कळत नाही. हा धूर म्हणजे शिशाची वाफ, अशी समजूत सर्रास आढळते. कथील आणि शिशाचे ६०:४० सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते. शिसे उकळायला मात्र १,७०० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे आयर्नवर शिशाची वाफ नगण्य. तो पांढरा धूर सोल्डरच्या पोटात भरलेल्या राळेचा असतो. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोडासा धूरही त्रासाला पुरतो. मग कामगाराला ते कामच सोडावे लागते.

मग शिसे शरीरात जाते कुठून? बोटांवरून तोंडात! सोल्डर हाताळलेल्या हातांनीच चहा, त्याच हातांनी तंबाखू, त्याच हातांनी डब्यातली भाकरी. दोन्ही हात गुंतले म्हणून सोल्डरची तार दातांत धरणारेही आहेत. शिवाय कपड्यांवरची धूळ घरी जाते, आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांना होतो. यावर उपाय महाग नाहीत. कामाच्या टेबलावर खाणेपिणे बंद, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, घरी जाण्यापूर्वी कामाचे कपडे बदलणे, एवढेच. पण हे कोणी सांगितलेच नाही, तर नवख्याला कळणार कसे?

"आता शिसेविरहित सोल्डर आले, प्रश्न मिटला," असे साहेब लोक म्हणतील. मिटला नाही. ते सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळते, म्हणून आयर्न अधिक तापवावे लागते आणि राळेचा धूर वाढतो. शिसे गेले, दमा राहिला.

दुसरा मुद्दा गाड्यांच्या सुरक्षेचा. नवखा माणूस सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून ते थेंबासारखे जोडावर ठेवतो. वरून जोड भक्कम दिसतो, आतून तो कच्चा असतो. खरी रीत अशी की आधी टोकाने पट्टी आणि घटकाचा पाय दोन्ही तापवायचे, मग सोल्डर जोडाला लावायचे, टोकाला नव्हे. दोन-तीन सेकंदांत काम होते. आधी सोल्डर काढायचे, मग आयर्न, आणि थिजेपर्यंत जोड हलू द्यायचा नाही. कच्चा जोड टेबलावरच्या चाचणीत पास होतो आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी किंवा उन्हाळ्याच्या तापाने मध्येच सुटतो. बिघाड येतो आणि जातो, सापडत नाही. अहवालात मात्र 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असे एका ओळीत लिहिले जाते. त्या कर्मचाऱ्याला शिकवले कोणी, किती तास, कशावर, हे प्रश्न अहवालात विचारले जात नाहीत. आम्ही ते विचारतो.

कायदा काय सांगतो? भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात ७-अ हे कलम घातले गेले. सुरक्षेसाठी आवश्यक ती माहिती, शिकवण, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. त्यासाठी भोपाळने केवढी किंमत मोजली, हे तिथल्या आपल्या साथींना सांगायला नको. शिशाची विषबाधा तर त्या कायद्याच्या रोगांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. प्रशिक्षणाचे कर्तव्य तिच्यातही आहे आणि शिशाची नोंदही. पण तिच्या पहिल्याच कलमात केंद्र व राज्य सरकारांची कार्यालये वगळली आहेत. तिथल्या कंत्राटी कामगारांपुरता अपवाद ठेवला आहे. सरकार खाजगी मालकाला जे बंधन घालते, ते आपल्या स्वतःच्या कार्यालयांना का लागू करत नाही? आणि कंत्राटी मुलाला कागदावर मिळालेले संरक्षण प्रत्यक्षात देतो कोण? देखभालीचे कंत्राट घेतलेल्या ठेकेदाराचा पोरगा दोन-पिनी प्लगचे आयर्न पिशवीत घालून येतो. स्टँड नाही, चष्मा नाही, अर्थिंग नाही.

"आता पूर्ण कार्डच बदलतात, सोल्डरिंग उरलेच कुठे?" असाही युक्तिवाद ऐकू येतो. काढलेले कार्ड दुरुस्त करणारा कोणीतरी कामगारच असतो. तो बाहेरच्या ठेकेदाराकडे बसला म्हणून त्याची फुप्फुसे वेगळी होत नाहीत. काम बाहेर ढकलले की धोकाही बाहेर ढकलला जातो, नाहीसा होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. सोल्डरिंग करावे लागणाऱ्या प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला, अप्रेंटिसला आणि कंत्राटी कामगाराला किमान एक आठवडा पगारी प्रशिक्षण द्या. सराव भंगारातल्या कार्डांवर घ्या, चालू यंत्रणेवर नव्हे.

२. प्रत्येक टेबलावर धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा, आयर्नचा स्टँड, तीन-पिनी अर्थिंग आणि तारांचे तुकडे कापताना घालायचा चष्मा द्या.

३. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. तो उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मराठीसह स्थानिक भाषांत भिंतीवर लावा.

४. नियमित सोल्डरिंग करणाऱ्यांच्या रक्तातील शिशाची आणि श्वसनाची ठराविक मुदतीने तपासणी करा, आणि अहवाल कामगाराच्या हाती द्या.

५. शिकवणाऱ्या ज्येष्ठ कामगाराला त्या काळात इतर कामातून मोकळीक द्या.

ज्येष्ठ साथींना शेवटी एवढेच सांगणे आहे की तुमच्या बोटांत जे कसब आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते पुढच्या पिढीला द्या, पण त्यासोबत आपले चटके देऊ नका. आणि नव्या साथींनो, न शिकवता आयर्न हाती दिले तर "आधी शिकवा" असे ठामपणे म्हणा. संघटना तुमच्या पाठीशी उभी राहील.