हरकत घ्या, पण कारण लिहा

मा. अँतोनियो गुटेरेस,
सरचिटणीस, संयुक्त राष्ट्रसंघ,
न्यूयॉर्क



ऑक्टोबर 2022 मध्ये आपण मुंबईत आलात आणि ताज हॉटेलात 26/11च्या मृतांना आदरांजली वाहिलीत. कोणत्याही कारणाने, कोणत्याही गाऱ्हाण्याने दहशतवादाचे समर्थन होऊ शकत नाही, असेही तिथे बजावलेत. पुढच्या काही दिवसांतच सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक त्याच हॉटेलात भरली. जमलेल्या प्रतिनिधींना तिथे एक ध्वनिफीत ऐकवण्यात आली. तीत लष्कर-ए-तैयबाचा साजिद मीर सीमेपलीकडून फोनवर छबाड हाऊसमधल्या हल्लेखोरांना सूचना देत होता.

याच साजिद मीरचे नाव निर्बंधांच्या यादीत घालावे, असा प्रस्ताव अमेरिकेने मांडला होता आणि भारत सहप्रस्तावक होता. चीनने तो सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे ताजमधल्या बैठकीच्या महिनाभर आधी, रोखून धरला आणि जून 2023 मध्ये मोडीतच काढला. पहिल्या हरकतीच्या आधीच, जून 2022 मध्ये, खुद्द पाकिस्तानातल्या न्यायालयाने त्याला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल दोषी ठरवल्याच्या बातम्याही आल्या. तरीही हरकत का, हे 26/11मध्ये गेलेल्या 166 जणांच्या घरच्यांना आजतागायत कुणी सांगितलेले नाही. हे पत्र त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

निर्बंधांची ही यादी ठरवणारी सुरक्षा परिषदेची 1267 समिती कशी चालते, हे आपल्याला मी सांगायला नको. पण आमच्या वाचकांना ते ठाऊक असायला हवे. पंधरा सदस्यांपैकी एकानेही हरकत घेतली, की नाव थांबते. बैठका बंद दाराआड होतात आणि हरकतीचे कारण जगाला सांगण्याचे बंधन कुणावरही नाही. जैश-ए-महंमद ही संघटना 2001 मध्येच यादीत आली. तिचा संस्थापक मसूद अजहर, ज्याला 1999च्या डिसेंबरात कंदाहारला ओलिसांच्या बदल्यात सोडावे लागले, त्याचे नाव यादीत यायला 1 मे 2019 उजाडला. संघटना दहशतवादी आणि ती काढणारा मात्र जवळपास अठरा वर्षे यादीबाहेर!

यादीत नाव गेलेल्याला मात्र दाद मागता येते. 2009 पासून त्यासाठी लोकपालांचे कार्यालय आहे. ते असलेच पाहिजे. सुनावणीशिवाय कुणाची खाती गोठवणे अन्यायाचेच आहे. पण ज्यांची माणसे मारली गेली, त्यांनी कुठे अर्ज करायचा? आरोपीसाठी एक खिडकी उघडी आणि फिर्यादीसाठी एकही नाही, असे हे कामकाज आहे.

हे असे चालते, कारण दहशतवाद कशाला म्हणायचे याचेच भिजत घोंगडे पडले आहे. 1934 मध्ये मार्सेयला युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाला, त्यानंतर तेव्हाच्या राष्ट्रसंघाने 1937 मध्ये एक दहशतवादविरोधी करार केला. सह्या अनेकांनी केल्या, पण त्यावर शिक्कामोर्तब केले ते एकट्या हिंदुस्थानने, म्हणजे इथल्या ब्रिटिश सरकारने. करार कधी अमलात आलाच नाही. त्या सरकारच्या लेखी दहशतवादी कोण होते, हे पुण्यात कुणीही सांगेल. रौलट समितीच्या 1918च्या अहवालात चापेकर बंधूंची नोंद गुन्हेगार म्हणून आहे. चिंचवडमधला गजबजलेला चौक त्यांच्याच नावाचा आहे. तेव्हा परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना व्याख्येतून वगळा, असा आग्रह इस्लामी सहकार्य संघटनेचे देश धरतात, त्यामागची भीती आम्हाला कळत नाही असे नाही.

पण त्या भीतीवर तोडगा आहे. व्याख्येने हेतूचा न्याय करू नये, कृत्याचा करावा. जिनिव्हा करारांच्या ज्या 1977च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने मुक्तिलढ्यांना आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा दिला, त्यानेच सामान्य नागरिकांत दहशत पसरवण्यासाठी केलेल्या हिंसाचारावर बंदी घातली. भारत त्या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही, ही आमची उणी बाजू आहे. सुरक्षा परिषदेनेही 2004च्या ठराव 1566 मध्ये अशी कृत्ये राजकीय, धार्मिक वा अन्य कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाहीत, असे म्हटले आहे. मजकूर हाताशी असताना भारताने 1996 मध्ये पुढे केलेला सर्वंकष कराराचा मसुदा आमसभेच्या सहाव्या समितीत तीस वर्षे का अडकून पडावा?

व्याख्या नसण्याची किंमत केवळ बॉम्बस्फोटात मेलेल्यांना मोजावी लागते असे नाही. 2001च्या ठराव 1373 ने प्रत्येक देशाला कडक कायदे करायला लावले, पण गुन्हा कोणता हे ज्याचे त्याच्यावर सोपवले. अनेक सरकारांनी त्याचा वापर टीकाकारांवर केला. आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही: टाडा आणि पोटा हे दोन्ही कायदे गैरवापराच्या तक्रारींच्या ओझ्याखालीच गेले. नेमकी व्याख्या लहान असते, आणि म्हणूनच ती सरकारांनाही आवर घालते.

पुन्हा न सांगितलेल्या कारणांकडे येतो. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत सहा महाराष्ट्राचे होते. सुरक्षा परिषदेच्या निवेदनाने निषेध केला, पण लष्कर-ए-तैयबाशी जोडलेल्या 'द रेझिस्टन्स फ्रंट'चे नाव त्यात आले नाही. ते कुणामुळे आणि कोणत्या कारणाने गळले, याचे अधिकृत टिपण नाही.

महोदय, आपल्याला परिषदेत मत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण 2022 मध्ये आमसभेने ठराव 76/262 करून एक पायंडा पाडला: नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेने त्यावर चर्चा घ्यायची. तोच नियम 1267 समितीतल्या हरकतींना लावा, अशी शिफारस आपण दहशतवादविरोधी धोरणावरच्या आपल्या अहवालात करू शकता. हरकतीचा हक्क कुणाचाही काढून घेऊ नका. हरकत घेणाऱ्याने आपले नाव आणि कारण लिहून द्यावे, एवढेच. ज्याला आपले कारण पटते, त्याला ते लिहायला लाज वाटायचे कारण नाही.

आपली मुदत 2026च्या अखेरीस संपते. करार बहुधा तोवर होणार नाही. पण ही एक ओळ अहवालात घालायला कुणाच्या संमतीची गरज नाही.

कळावे,
एक मुंबईकर