शून्य एरर, आणि तरी 'विहीरीत' पाणी

आमच्या धंद्यात एक अंधश्रद्धा आहे. कंपाइल झालं, एरर नाही, म्हणजे काम चोख!

बाबांच्या आठवणींचं ऐंशी पानी पुस्तक मी लाटेकमध्ये बसवलं. वाशीच्या घरात तीन शनिवार-रविवार त्यात घातले. समास, अनुक्रमणिका, सगळं झकास. बाबांनी (निवृत्त मराठी शिक्षक!) चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि पहिल्याच पानावर 'विहीरीत'भोवती गोल काढला. पुढे 'गरीबाला'. मग 'चूलीवर'. त्यांच्या वहीत हे सगळं बरोबर होतं. टायपिंग माझं. "तुझ्या मशीनला दिसलं नाही?" एवढंच म्हणाले.

मित्रांचं उत्तर ठरलेलं: "लाटेकमध्ये कसलं आलंय चेकिंग! आणि मराठीला नियम आहेत कुठे?"

दोन्ही साफ खोटं. ॲस्पेलला टेक मोड सांगितला की तो आज्ञा वगळून मजकूर वाचतो. इंग्रजीसाठी टेक्स्टिडोट आहे, तो आज्ञा गाळून मजकूर लँग्वेजटूलकडे देतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायला वेगळ्या आज्ञेत टाकलं की शब्दाचे दोन तुकडे होतात, हा त्रास खरा. पण तेवढाच.

आणि नियम? साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४. त्यातलाच एक: सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतात. गरीब, गरिबाला. चूल, चुलीवर. मात्र तत्सम शब्द सुटतात, म्हणून शरीर, शरीरात. सरसकट फाइंड-रिप्लेस मारलंत तर 'शरिरात' होऊन बसेल! याला 'नियम नाही' म्हणत नाहीत राव, याला फ्लॅग म्हणतात. हन्स्पेलच्या शब्दकोशात शब्दापुढे असे फ्लॅग लावायची सोय आहेच. लावायचे कोणी? आपण पगाराच्या दोन ओळींच्या फंक्शनला दहा टेस्ट लिहितो, आणि मराठीत बरोबर शब्दाखालीही लाल रेघ आली की चेकरच बंद करून टाकतो. मीही तेच केलं होतं.

असो. सध्या बाबांच्या लाल गोलांची यादी करतोय. तत्सम कुठले ते बाबा सांगतात, मी खूण करतो. काल रात्री 'म'पर्यंत पोचलो.