प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील, त्यांना त्यांतील ठरीव साचा ठाऊक असेल. अमुक गोष्ट घडली 'हे खरे आहे काय'. 'असल्यास' चौकशी केली आहे काय. 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. प्रश्नकर्ता अशी तीनचार पायऱ्यांची शिडी लावतो. समोरून पहिल्या पायरीवर उत्तर येते, 'हे खरे नाही', आणि उरलेल्या पायऱ्यांपुढे एकच वाक्य असते : 'प्रश्न उद्भवत नाही.' मराठी गद्याचा विचार करणाऱ्यांनी या वाक्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक राज्यसंस्थेचा सारा स्वभाव त्या तीन शब्दांत सामावलेला आहे. प्रश्न विचारला गेलेला असतो, छापलेला असतो, आणि तरीही तो उद्भवत नसतो!

करोनाच्या साथीत हे वाक्य उत्तरांच्या रकान्यातून बाहेर पडले आणि राज्यकारभाराचे ब्रीद झाले, असे माझे म्हणणे आहे. मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबली, एसटी थांबली, शहरांच्या बसगाड्या आगारात गेल्या. साथीचा रोग पसरू नये म्हणून गाड्या थांबवणे समजण्यासारखे होते. पण गाड्यांबरोबर आणखी एक गोष्ट थांबवली गेली, आणि तिचे रोगाशी काही नाते नव्हते. ती म्हणजे लोकप्रतिनिधीचा प्रश्न.

यात पक्षभेद करण्याचे कारण नाही. केंद्रात एका आघाडीचे सरकार होते, महाराष्ट्रात तिच्या विरोधकांचे. १४ सप्टेंबर २०२० रोजी संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले ते प्रश्नोत्तराचा तास वगळून. फक्त अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे देण्याची सोय ठेवली गेली. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन तर भरलेच नाही. इकडे मुंबईत सप्टेंबर २०२० आणि जुलै २०२१ ही विधिमंडळाची अधिवेशने दोन-दोन दिवसांत उरकली गेली, आणि त्यांतही प्रश्नोत्तराच्या तासाला जागा नव्हती. एकमेकांवर लोकशाहीच्या हत्येचा आरोप करणाऱ्या दोन्ही पक्षांचे या एका बाबतीत विलक्षण एकमत झाले : प्रश्न ही अत्यावश्यक सेवा नव्हे.

लेखी उत्तरे मिळतच होती की, असे कोणी म्हणेल. मिळत होती, आणि त्यांनीच प्रश्नाचे मोल सिद्ध केले. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नावर अशी कोणतीही आकडेवारी ठेवण्यात आलेली नाही, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले. हे लोक पायी का निघाले, यावर गृह मंत्रालयाचे उत्तर होते, खोट्या बातम्यांनी पसरवलेल्या घबराटीमुळे. आणि राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला उत्तर देताना रेल्वेमंत्र्यांना मान्य करावे लागले, की ९ सप्टेंबर २०२० पर्यंत श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना ९७ माणसे मरण पावली. हा आकडा सरकारने आपणहून सांगितला नव्हता. तो विचारावा लागला. जे विचारले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते घडलेलेच नसते, हा प्रशासनाचा न्याय आहे.

लेखी उत्तरात उणे काय, तर पूरक प्रश्न. 'आकडेवारी ठेवण्यात आलेली नाही' हा कर्मणी प्रयोग पाहा. त्यात कर्ता नाही. कोणी ठेवली नाही? कोणाच्या आदेशावरून? हे विचारण्यासाठी समोर मंत्री उभा असावा लागतो. कागदाला पूरक प्रश्न विचारता येत नाही. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे सरकारच्या कर्मणी प्रयोगातून कर्ता शोधून काढण्याची व्यवस्था. तीच बंद झाली.

आता हे सारे सोलापुरात आणून पाहू. सोलापूर हे विड्या वळणाऱ्या बायकांचे आणि यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या पुरुषांचे शहर आहे. विडी घरी वळली जाते; पण पाने आणि तंबाखू कारखान्यातून आणावी लागतात आणि वळलेल्या विड्या तिथेच नेऊन द्याव्या लागतात. विडी कामगार महिलांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत कुंभारीला, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर आहे. अशा बाईच्या दृष्टीने बस म्हणजे रोजच्या मजुरीची पहिली अट. अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर इथल्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी सोलापूरचे शासकीय रुग्णालय गाठावे लागते. जिल्ह्याजिल्ह्यांतील एसटी २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी. या पाच महिन्यांत डायलिसिसचा रुग्ण कशाने आला? मोटार असलेल्याला ई-पास काढता येत होता. मोटार नसलेल्याने कशाचा पास काढायचा? कुंभारीहून शहरात येण्याजाण्यात मजुरीतला किती वाटा गेला? हे प्रश्न सोपे होते. त्यांची उत्तरे जिल्ह्याच्या दप्तरात असायला हवी होती. ती आज नाहीत, कारण ती मागितलीच गेली नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य माणसाला केव्हा प्रवेश मिळणार यावर महिनोन्‌महिने चर्चा झडली, आणि ती व्हायलाच हवी होती. कुर्डुवाडी-सोलापूर मार्गावरच्या रोजच्या प्रवाशाच्या वाट्याला मात्र तिचा शतांशही आला नाही.

गाड्या नव्हत्या असेही नाही. माल धावत होता, थांबला होता तो माणूस. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते पायी निघाले होते. प्रवासी गाडी धावत नव्हती. जी धावत होती तिने त्यांना मारले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला देशातील शंभरावी किसान रेल्वे आमच्या सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. पंतप्रधानांनी तिला दूरदृश्य प्रणालीवरून झेंडा दाखवला. डाळिंबाला बाजार मिळाला याचा आनंदच आहे. पण सांगोल्याचे डाळिंब बंगालला पोहोचण्याची व्यवस्था होत असताना साधी पॅसेंजर गाडी का बंद होती, हे विचारणे शेतकऱ्याच्या विरोधात जात नाही. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या. इच्छा असली, की गाडी निघते, बंदोबस्त होतो आणि वेळापत्रकही पाळले जाते, हे शासनाने आमच्याच जिल्ह्यात दाखवून दिले होते. विडीवालीसाठी ती इच्छा का झाली नाही, एवढाच प्रश्न आहे.

मग आमचे प्रतिनिधी काय करीत होते? ते निवेदने देत होते. निवेदन आणि प्रश्न यांतला फरक आपण विसरलो आहोत, आणि माझ्या मते खरा ऱ्हास तिथेच आहे. निवेदनात विनंती असते, प्रश्नात अधिकार. निवेदन देताना छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येते, आणि कागद कार्यालयाच्या आवक नोंदवहीत विसावतो. त्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही. सभागृहातल्या प्रश्नाला बंधन असते. साथीच्या काळात मास्क लावून निवेदन स्वीकारणारे अधिकारी आणि मास्क लावून ते देणारे पुढारी यांची किती छायाचित्रे आपण पाहिली! प्रश्नाचे छायाचित्र निघत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. पण मतदार म्हणून आपणही छायाचित्रावर समाधान मानले, हे नमूद केले पाहिजे.

याच मातीत वेगळी परंपरा होती. नरसय्या आडम यांना सोलापूरने तीनदा विधानसभेत पाठवले ते कामगारांच्या बाजूने भांडण्यासाठी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. ३० जुलै २०२१ रोजी, साथ चालू असतानाच, सोलापुरात त्यांचे निधन झाले. श्रद्धांजलीच्या भाषणांत त्यांच्या एसटी-प्रवासाचे कौतुक सर्वपक्षीयांनी केले. साधेपणाचा तो पुरावा मानला गेला. मला तो साधेपणाचा वाटत नाही, अभ्यासाचा वाटतो. ज्याला बस चुकते त्यालाच बसविषयीचा नेमका प्रश्न सुचतो. मोटारीच्या काचेतून फक्त निवेदन सुचते.

आपत्तीत प्रश्नांनी यंत्रणेचा वेळ वाया जातो, असा बचाव केला जातो, आणि १९६२ च्या चीन युद्धात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला होता, हा दाखला पुढे केला जातो. युद्धात शत्रूपासून लपवण्यासारखे काही असते. सोलापूर-अक्कलकोट बसच्या फेऱ्या कोणत्या शत्रूपासून लपवायच्या होत्या? उलट ज्या काळात निर्णय रातोरात होतात, त्या काळात ते तपासण्याची सोय दुप्पट लागते.

शिवाय तात्पुरते म्हणून जे बंद होते ते तात्पुरते राहत नाही. साथीत पॅसेंजर गाड्या 'विशेष' झाल्या आणि त्यांचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० वर गेले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. अनावश्यक प्रवास टाळावा म्हणून मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत काढली. साथ ओसरून वर्षे लोटली तरी ती परतली नाही. ती केव्हा देणार, असे खासदारांनी वारंवार विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की २०२२-२३ मध्ये रेल्वेने प्रवाशांना ५६,९९३ कोटी रुपयांचे अनुदान दिले, म्हणजे प्रत्येकाला सरासरी ४६ टक्के सवलत आहेच. विचारले 'केव्हा', सांगितले 'किती'. 'प्रश्न उद्भवत नाही' याचेच हे सभ्य रूप.

आणि सोलापूर महानगरपालिका? तिचा परिवहन उपक्रम साथीच्या आधीपासूनच खंगलेला होता. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून आलेल्या बसगाड्यांच्या चॅसिसला तडे गेले आणि त्या उभ्या राहिल्या, हे शहराला माहीत आहे. साथीने त्या दुखण्यावर पांघरूण घातले. नंतर मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे या शहरात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता. त्याच वर्षांत मुंबईला वंदे भारत सुरू झाली, विमानतळही सुरू झाला. या गोष्टी वाईट नाहीत. पण विमान आणि वंदे भारत यांना प्रश्नकर्त्याची गरज भासत नाही. त्यांचे उद्‌घाटक पुरेसे असतात. प्रश्नकर्ता लागतो तो कुंभारीच्या बसला.

म्हणून नव्या सभागृहाकडून अपेक्षा साधी आहे. निवेदने पुरे झाली. २०२० आणि २०२१ मध्ये परिवहनाच्या किती गाड्या किती दिवस बंद होत्या, कोणाच्या आदेशाने, त्यांतील किती पुन्हा रस्त्यावर आल्या आणि रुग्णांसाठी काय सोय केली होती, हे चार प्रश्न पहिल्या वर्षात विचारले जावेत, आणि उत्तरे छापली जावीत. उत्तर 'आकडेवारी उपलब्ध नाही' असे आले तर तेही छापावे. पुढची साथ येईल तेव्हा निदान त्या वाक्याचा कर्ता कोण होता, एवढे तरी या शहराला ठाऊक असेल.