भिंतीचा रंग दुकानात ठरत नाही

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले की अर्धापूरपासून केळीच्या बागा दिसू लागतात आणि कळमनुरी तालुक्यात शिरल्यावर डोंगरकडा या गावातही त्या संपत नाहीत. काळी जमीन, ईसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आणि हमरस्ता यांच्या जोरावर हा पट्टा चालतो. केळी, हळद आणि उसाच्या अशा गावांत आता घरातलीच एखादी खोली कचेरी होऊ लागली आहे. कुणी तिथे पीकविम्याचे अर्ज भरतो, कुणी केळीच्या गाड्यांचा हिशेब ठेवतो, कुणी शिकवणी घेतो. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलेल्या पोरांनीही अशाच खोल्यांमधून नोकऱ्या केल्या. खोली बहुधा आठ बाय दहाची. एक खिडकी, एक दार, एक टेबल, येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. मग घरात वाद सुरू होतो तो रंगाचा.

वाद मिटवायला मोबाइल असतोच. तो सांगतो, की उत्तरेकडची खोली थंड आणि उदास वाटते, म्हणून तिला उबदार रंग द्या. दक्षिणेकडची खोली प्रसन्न असते, तिथे काहीही चालेल. सल्ला खोटा नाही, फक्त तो लंडनचा आहे. लंडन ५१ अंश अक्षांशाच्याही वर आहे. तिथे हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फार वर चढत नाही आणि उजेड पुरवून पुरवून वापरावा लागतो. डोंगरकडा १९ ते २० अंशांच्या मध्ये येते. इथे मेच्या मध्यानंतर एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या दोन महिन्यांत तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच कललेला असतो. बाकीच्या वर्षभर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येत नाही, येतो तो सारखा, शांत उजेड. कामाच्या खोलीला याहून चांगली दिशा नाही. इथे छळते ती पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर ऊन तिरपे आत येते, पडदे विटवून टाकते आणि संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर पुसून टाकते.

मराठवाड्यातल्या घराला उजेड कमी पडतो, हे गृहीत धरून रंग निवडणे ही पहिली चूक. पांढराशुभ्र म्हणजे बिनधोक, असे मानणे ही दुसरी.

रंग कंपन्या प्रत्येक छटेला प्रकाश परत फेकण्याचा एक आकडा देतात. पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला शंभर. बाजारातला स्वच्छ पांढरा रंग साधारण ८५च्या आसपास असतो, फिकट मोतिया किंवा हस्तिदंती सत्तरच्या घरात, गडद निळा किंवा आमसुली दहाच्याही खाली. छत पांढरे असावे, यावर दुमत नाही. खिडकीतून आलेला उजेड तेच खोलीभर वाटते. पण डोळ्यांसमोरची भिंत ८५ची आणि तिच्यावर एप्रिलचे ऊन असेल, तर माणूस दिवसभर डोळे बारीक करून बसतो. संगणकाचा पडदा आणि त्यामागची भिंत यांच्या उजळपणात फार तफावत असली की डोळे थकतात. टेबलासमोरच्या भिंतीला म्हणूनच साठ ते सत्तरच्या दरम्यानची छटा बरी. फिकट बदामी, गव्हाळ, राखाडीची झाक असलेला पांढरा किंवा अगदी पातळ केलेला शेवाळी. आणि फिनिश मॅट. चकचकीत भिंतीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, शिवाय भेगाही उठून दिसतात. काळ्या जमिनीवरच्या घरांना भेगा जाणारच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया खोल नेलेला नसेल तर हे सारे भिंतीवर उमटते.

उजळपणाचा प्रश्न नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये आपली शस्त्रक्रियेची खोली पांढऱ्याऐवजी हिरवी करून घेतली. पांढऱ्या भिंती आणि चादरींच्या चकाकीने डोळे दिपायचे, आणि रक्ताच्या लाल रंगावरून नजर उचलली की पांढऱ्यावर हिरवट डाग नाचायचे. हिरव्या भिंतीने दोन्ही त्रास कमी झाले. रुग्णाचे मन शांत व्हावे म्हणून ते हिरवेपण आले नव्हते, डॉक्टरांना नीट दिसावे म्हणून आले होते. कचेरीचा रंग याच हिशेबाने ठरवावा.

निळ्याने कल्पकता वाढते, पिवळ्याने उत्साह येतो, गुलाबीने राग शमतो, ही वाक्ये हल्ली पेंटरसुद्धा ऐकवतात. त्यांच्या मागचे पुरावे तपासले तर फार हाती लागत नाही. निळ्याची कीर्ती पसरली ती २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासामुळे. त्यात लाल पार्श्वभूमीवर बारकाव्यांची कामे आणि निळ्यावर कल्पकतेची कामे चांगली झाली, असे दिसले होते. पण ती पार्श्वभूमी संगणकाच्या पडद्याची होती, खोलीच्या भिंतीची नव्हे. पुढे २०१४ मध्ये त्यातल्या एका प्रयोगाची पुनरावृत्ती झाली, तेव्हा तो परिणाम सापडलाच नाही. गुलाबीची गोष्ट त्याआधीची. १९७९ मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली आणि कैदी शांत झाल्याचा गवगवा झाला. नंतर स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात काटेकोर तुलना केली गेली, तर गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्यांतल्या कैद्यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. एखाद्याला निळा आवडत असेल तर त्याने खुशाल द्यावा. आवडणे हे पुरेसे कारण आहे, त्याला विज्ञानाची झूल चढवायची गरज नाही. वास्तूच्या सल्ल्यांबद्दल तर भांडायलाही फारसे काही उरत नाही, कारण बहुतेक दिशांना ते फिकटच रंग सांगतात.

हिंगोलीसारख्या हळदीच्या जिल्ह्यात हळदी रंगाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. इथल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कचेरीची भिंतही त्याच रंगाची असावी असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण खरी हळद भिंतीवर टिकत नाही. तिच्यातले कुरकुमिन उजेडात विटते, आणि चुन्यात घातले तर पिवळे न राहता लाल होते. कुंकू याच रासायनिक खेळातून तयार होते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. चुन्याच्या रंगात पिवळेपणा हवा असला तर ते पिवडी घालत, लालसर हवा तर गेरू, आणि पांढरा अधिक पांढरा दिसावा म्हणून चिमूटभर नीळ. ही तिन्ही द्रव्ये चुन्यात टिकतात. डब्यातला हळदी रंगही टिकतो, प्रश्न वेगळाच आहे. लहान खोलीत चारही भिंती गडद पिवळ्या केल्या, की एका भिंतीचा पिवळेपणा दुसरीवर पडतो आणि दुकानात पाहिलेली छटा खोलीत दुप्पट भडक दिसते. कागदही पिवळट, माणसाचा चेहराही पिवळट. हळदी हवाच असेल तर एका भिंतीला द्यावा, तीही पाठीमागची.

पाठीमागची भिंत हल्ली कॅमेऱ्यात दिसते, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक. मोबाइल किंवा लॅपटॉपचा कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजून चित्र घेतो. मागे लख्ख पांढरी भिंत असली की त्याला सारेच उजळ वाटते, मग तो चित्र अंधारे करतो आणि सावळा माणूस मुलाखतीत काळोखात बसल्यासारखा दिसतो. इथे चाळीस ते पन्नासच्या आसपासची मध्यम छटा कामी येते. मातकट, राखाडी, निळसर करडा, यांतले काहीही. पोपटी मात्र नको. पोपटी भिंतीवरून उसळलेला उजेड गालावर पडतो आणि धडधाकट माणूस आजारी दिसू लागतो.

हिरव्याचा त्रास डोंगरकड्यात रंगाविनाही होऊ शकतो. खिडकीबाहेर केळीची बाग असेल तर पानांवरून आलेला उजेडच हिरवट असतो. दुकानात छान वाटलेला क्रीम अशा खोलीत आजारी हिरवा दिसतो. लालसर झाक असलेला मोतिया किंवा अगदी फिका अबोली तिथे तो हिरवटपणा मारतो. दुकानातल्या शेडकार्डावर हे कळण्याचा मार्ग नाही. तिथे वर निळसर पांढरा एलईडी, समोर टपालाच्या तिकिटाएवढा चौकोन आणि मागे घाई करणारा माणूस. त्यापेक्षा निवडलेल्या दोन-तीन छटांचे छोटे डबे आणावेत आणि दोन बाय दोन फुटांचे चौकोन थेट भिंतीवर, दोन हात मारून रंगवावेत. एक खिडकीजवळ, एक अंधाऱ्या कोपऱ्यात. मग ते सकाळी दहाला, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर पाहावेत. काम ज्या वेळी होते, त्या वेळी जो रंग बरा दिसेल तो घ्यावा. आठ बाय दहाच्या खोलीच्या भिंतींना साधारण तीन लिटर रंग लागतो. चुकीची छटा आणली तर तेवढ्यासाठी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, त्या मानाने दोन-तीन छोट्या डब्यांचा खर्च काहीच नाही.

सरकारी कचेऱ्या आणि एसटी स्थानकांची चेष्टा करणारे एक गोष्ट विसरतात. त्यांच्या भिंतींचा खालचा तीन-चार फुटांचा गडद ऑइल पेंटचा पट्टा हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. खुर्चीची पाठ, तेलकट डोकी, ओले हात, चिखलाचे बूट, सारे त्या उंचीवरच लागते. घरच्या कचेरीत रोज पाच-दहा माणसे येणार असतील तर येणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे असा धुता येणारा विटकरी किंवा तपकिरी पट्टा जरूर द्यावा. तो सुंदर दिसेलच असे नाही, पण दोन वर्षांनी शेजारची भिंत पाहून त्याची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट गावात कुणी उघड बोलत नाही, पण पाळतात सगळे. मराठवाड्यात रंगाला झेंडा चिकटलेला आहे. गडद भगवा, गडद निळा किंवा गडद हिरवा दिला, की येणारा माणूस उंबऱ्यातूनच अर्थ लावतो. स्वतःच्या घरात हवा तो रंग द्यायचा हक्क प्रत्येकाला आहेच. पण जिथे सगळ्या गावाने दाखल्यासाठी, अर्जासाठी निःसंकोच यावे असे वाटते, तिथे कोणत्याच मिरवणुकीत न दिसणारा रंग बरा. या एका कामात बदामीची बरोबरी कुणी करत नाही.

एवढे सांगितल्यावर कबूल करायला हवे, की मे महिन्यात खोलीत बसवेल की नाही हे भिंतीवर नाही, छतावर ठरते. वरचा स्लॅब उघडा असेल किंवा पत्रे असतील, तर आतल्या रंगाचे पैसे वाचवून वर पांढरा परावर्तक रंग किंवा निदान चुन्याचे दोन हात द्यावेत. अशा छतामुळे आतले तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. एरवी हे घरमालकाच्या शहाणपणावरच सोडलेले असते.

रंगाचा प्रकार निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण त्याआधीच्या जुन्या ऑइल पेंटला तो माहीत नाही. जुना थर कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा आणि त्या दिवशी लेकरांना खोलीबाहेर ठेवावे. दुसरे, खादी आयोगाचा शेणापासून बनवलेला प्राकृतिक पेंट. १२ जानेवारी २०२१ रोजी तो बाजारात आला तेव्हा डिस्टेंपर लिटरला १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये होते. जवळपास मिळत असेल तर फिकट छटेत तो वापरून पाहायला हरकत नाही.

राहिला मुहूर्त. रंगकाम दिवाळीला करायची रीत आहे, पण दिवाळी येते तेव्हा भिंतीतली पावसाची ओल पुरती गेलेली नसते. त्या ओलीवर पुट्टी आणि प्रायमर चढवले की वर्षभरात पोपडे धरतात, लोणा फुटतो आणि दोष बिचाऱ्या रंगाला लागतो. त्यात त्या दिवसांत पेंटर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी चढी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंती कोरड्या असतात, पेंटर मोकळे असतात आणि हळदीच्या काढणीमुळे घरात पैसाही येऊ लागतो. या वर्षी दिवाळीला घर झाडून, जाळी काढून थांबावे आणि कचेरीच्या भिंतीला ब्रश लावायला पेंटरला मार्चमध्येच बोलावावे.