आधी वाट, मग विक्री

शहराची जमीन जास्तीची ठरली की ती विकण्याची घाई सर्वांनाच होते. तिजोरीत पैसा येतो आणि घेणाराही खूष असतो. त्या जागेतून मागच्या वस्तीची वाट जाते, गटार जाते, कोणाचा तरी पाण्याचा नळ जातो, हे मात्र खरेदीखत झाल्यावर आठवते. हा क्रम उलटा हवा, असे आम्हांस वाटते.

कुवेतमधील एगैला ही फहाहीलच्या हमरस्त्यालगतची बंगल्यांची वस्ती. तेथे रस्ते आधी आखले गेले, घरे मागाहून आली. पत्तासुद्धा विभागाचा आकडा, रस्त्याचा आकडा आणि घराचा आकडा असा. ही रीत कुवेत शहराच्या १९५२ च्या आराखड्यापासूनची. त्या काळात राज्याने जुन्या शहरातील जागा चढ्या भावाने विकत घेतल्या, रस्त्यांपुरती जमीन राखली आणि उरलेल्यातील काही पुन्हा खाजगी लोकांना विकली. १९५७ साली शहराची भिंत पाडली, वेशी तेवढ्या ठेवल्या. या व्यवहारातील उधळपट्टीवर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी पुढे बोट ठेवले, आणि ते योग्यच होते. तेलाचा पैसा नसलेल्यांनी ती नक्कल करू नये. घेण्यासारखे एवढेच, की रस्ता आधी राखला.

आपल्या पूर्वजांच्या मुलखात काय झाले? मुंबईच्या गिरण्या थंडावल्यावर परळ-लालबागची शेकडो एकर जमीन मोकळी होऊ लागली. १९९६ साली राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एकेक गिरणी सुटी न धरता सगळा परिसर एकत्र आखावा, असे तिचे म्हणणे होते. ते बाजूला राहिले. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एका मुंबई टेक्स्टाइल मिललाच ७०२ कोटी रुपये आले. गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्यांचे मनोरे उठले, बाहेरच्या गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पूल रेल्वेचा होता, पाऊस अचानक आला होता, हे खरे. पण एवढी माणसे त्या पुलावर रोज का येत होती, हेही विचारले पाहिजे.

आता आपल्या मॉरिशसकडे वळू. येथे एक गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. भारतात १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या वाटेवरून वीस वर्षे हक्काने, अखंड वहिवाट केली की ती वाट आपली ठरू शकते. आजोबांनी बहुधा हीच समजूत गाठोड्यात बांधून आणली. पण आपली दिवाणी संहिता फ्रेंच वळणाची. तिच्यात नुसते चालून वाटेचा हक्क जडत नाही. पन्नास वर्षे चाललात तरी कागद लागतो. चारही बाजूंनी कोंडलेल्या जमिनीला वाट मागता येते, हे खरे; पण भरपाई द्यावी लागते, आणि वाट कोठून, यावर वर्षानुवर्षे कज्जा चालतो.

आपल्यात हे कसे घडते ते ठाऊक आहेच. रस्त्याकडचा वाटा थोरल्याला, मागचा धाकट्याला. दादाच्या अंगणातून धाकट्याची सायकल ये-जा करते, कोणी हरकत घेत नाही. पुढे थोरल्याची मुले जागा परक्याला विकतात, तो लोखंडी दार बसवतो, आणि काकू सिलिंडर कोठून आणायचा म्हणून नोटरीचे दार ठोठावते.

घरात होते तेच नगरपालिकेच्या जागेत मोठ्या मापाने होते. म्हणून आमची मागणी अशी, की सार्वजनिक जमीन विकावयास काढण्यापूर्वी मोजणीदाराकडून नकाशा करून घ्यावा. त्यात मागच्या घरांची पायवाट, आगीचा बंब वळेल एवढा रस्ता, पावसाच्या पाण्याचा मार्ग आणि वीज-पाण्याच्या ओळी दाखवाव्यात, आणि त्या राखून उरेल तेवढेच विकावे. नकाशा महिनाभर पालिकेच्या फळ्यावर राहावा. भाव थोडा कमी येईल, हे आम्ही नाकारीत नाही. पण तीच पट्टी नंतर परत घ्यायची तर नव्या मालकाच्या भावाने घ्यावी लागते, आणि तो पैसा पुन्हा करदात्याच्याच खिशातून जातो.

ज्यांच्या घरी वाटणीचे कागद व्हायचे आहेत, त्यांनी वाटेची रुंदी फुटांत लिहून घ्यावी. ‘जाण्यायेण्यास मोकळीक’ एवढ्या शब्दांवर मोटार जात नाही.