मैत्रेय मुनींचं औषध



वेगळ्या कल्पनेचा सिनेमा म्हटलं की आपल्याला भूत आठवतं, नाहीतर डबल रोल. पण २०१३ साली आलेला आनंद गांधींचा ‘शिप ऑफ थिसिअस’ बघा. मी तो इथे मांजरसुंब्यात मोबाईलवर पाहिला, दोन रात्रींत, घर झोपल्यावर. जहाजाची एकेक फळी बदलत सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का, असं जुनं ग्रीक कोडं आहे. गांधींनी फळ्यांच्या जागी माणसाचे अवयव ठेवले. अंध फोटोग्राफर मुलीला दृष्टी मिळते आणि तिचे फोटोच बिघडतात! तिसरी गोष्ट किडनीची.

मी अडकले मधल्या गोष्टीत. मैत्रेय नावाचे साधू मुंबईच्या कोर्टात प्राण्यांवरच्या औषधचाचण्यांविरुद्ध लढताहेत. त्यांनाच लिव्हर सिरॉसिस होतो. औषधं त्याच प्राण्यांवर तपासलेली, म्हणून ते नाकारतात. पुढे अन्नही सोडतात. पंथ काल्पनिक आहे, पण पांढरी वस्त्रं आणि अनवाणी चालणं पाहून आपल्याला ओळख पटतेच. नीरज काबींचं खंगत गेलेलं शरीर बघवत नाही. शेवटी मैत्रेय दुसऱ्याचं यकृत स्वीकारतात.

स्थानकात विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ही धर्माची थट्टा. मला नाही पटलं. थट्टाच करायची असती तर त्यांच्याशी वाद घालणाऱ्या पोराला (नाव चार्वाक, बरं का) प्रत्येक वेळी इतकं शांतपणे ऐकून घेणारे मुनी दाखवले नसते. माझी तक्रार वेगळी आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने संथारा बेकायदा ठरवला, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. तेव्हा आपण सगळ्यांना हेच सांगत होतो की संथारा म्हणजे इलाज टाळून मरणं नव्हे. मैत्रेय तर बरे होऊ शकत होते. हा फरक सिनेमात पुसट राहतो.

आता घरचं. सासूबाईंच्या कॅप्सूलचं टरफल जिलेटीनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. डॉक्टरांना विचारून मी ते काढून आतली पूड पाण्यात देते आणि निवांत होते. ती पूड आधी कुणाच्या पोटात घालून पाहिली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सासूबाईंना मी गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ माळ फिरवत राहिल्या. सकाळी नवकारसीनंतर वाटी पुढे केली, तर म्हणाल्या, “त्या मुनींनी शेवटी घेतलं ना गं?”

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटून पाणी प्यायलं.