अपील केले, तरी वसुली थांबत नाही

प्राप्तिकराची मागणी नोटीस चुकीची वाटली की करदाता अपील करतो आणि निर्धास्त होतो. गफलत इथेच होते. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. स्थगितीसाठी कर निर्धारण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. नाहीतर बँक खात्यावर टाच येऊ शकते. २०१७ पासून वादातील मागणीच्या २० टक्के रक्कम भरल्यास सहसा स्थगिती मिळते. पण हे २० टक्के कायद्यात नाहीत, प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेत आहेत. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तरी ‘आधी २० टक्के भरा’ हाच हेका असेल, तर छोट्या दुकानदाराने काय विकायचे? आर्थिक अडचण अर्जात कागदपत्रांसह मांडावी आणि अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागावा.